दगडाची ऊब

आमच्याकडे दगड जळतो.
परक्या माणसाला सांगितलं की तो हसतो.
मग मी त्याच्या तळहातावर एक तुकडा ठेवते,
तपकिरी, दिसतो त्याहून हलका,
आणि दुसऱ्याला काडी लावून दाखवते.
काळा धूर, जळक्या रबराचा वास.
हसू तिथंच थांबतं.

बाप छत्तीस वर्षं या दगडाखाली होता,
म्हणजे जिवंतपणी.
घरी यायचा तेव्हा कानांत धूळ, खिशात शिंपला,
एस्टोनिया समुद्राखाली होता तेव्हाचा.
"लीडा, बघ," म्हणायचा, "हिला बिचारीला
कुणी विचारलं नव्हतं,
तरी मरून आपला दिवा लावतेय."

गावाबाहेर राखेचे दोन डोंगर आहेत.
एकावर पोरं बर्फात घसरतात.
दुसरा आतून अजून धुमसतो,
त्याच्या माथ्यावर बर्फ टिकत नाही,
टक्कल पडलेल्या म्हाताऱ्यासारखा
तो जानेवारीभर बोडका बसून असतो.

आणि विहिरी. त्या खाणीनं पिऊन टाकल्या.
पुढं खाण बंद पडली, पंप थांबले,
पाणी आपलं आपण परत आलं,
पण गंधकाचा वास घेऊन,
कापितोलिनाच्या तळघरात, बटाट्यांच्या पोत्यापर्यंत.
"इतक्या वर्षांनी माहेरी आलंय," ती म्हणाली,
आणि बादली शोधायला गेली.

वीजकेंद्रातून निघालेली गरम पाण्याची नळी
बालवाडीमागून आमच्या इमारतीत येते.
एके ठिकाणी तिचं आवरण फाटलंय.
तिथं मांजरं झोपतात, मोजून अकरा.
दुरुस्तीचं काम माझं आहे.
चार हिवाळे मी ते विसरते आहे.

फेब्रुवारीत शाळेच्या व्यायामशाळेत सभा झाली.
केंद्र बंद होणार. पुढं काय?
रास्मुस नावाच्या मुलानं पडद्यावर रंगीत खांब दाखवले.
पहिला पर्याय लाकडाचा भुसा.
"कुठल्या जंगलातला?" आर्वोनं विचारलं.
"आसपासच्या."
आर्वो हळूच खाली बसला.
आसपासच्या जंगलात त्याची पिवळी अळंबी उगवतात,
जागा त्यानं बायकोलासुद्धा सांगितलेली नाही.

दुसरा पर्याय पवनचक्क्या, राखेच्याच डोंगरावर.
वारा फुकट, रास्मुस म्हणाला.
मागून कुणीतरी म्हणालं,
उणे पंचविसाला वारा आमच्यासारखाच
घरात बसून असतो.

तिसरा पर्याय तारेवरून वीज विकत घेण्याचा.
म्हणजे धूर असेलच,
पण दुसऱ्या कुणाच्या तरी पडद्यांना चिकटेल.
यावर टाळ्या पडल्या. थोड्या.
ज्यांनी वाजवल्या त्यांनी मग खाली बघितलं.

तेव्हा कापितोलिना उठली, खुर्चीला धरून.
"मला दम लागतो," ती म्हणाली,
"आणि मला थंडीही वाजते.
दोन्हींसाठी एकच हात वर करायचा,
की दोन?"

रास्मुसनं कागद उलटेपालटे केले.
त्याच्या कागदांत तो खांब नव्हता.

मी पवनचक्क्यांना मत दिलं.
बापाच्या डोंगरावर काहीतरी फिरावं म्हणून,
असं मी नंतर स्वतःला सांगितलं.
खरं तर आर्वो माझ्याकडे बघत होता.

घरी आले.
आमच्या रेडिएटरला चावी नाही,
बसवलीच नव्हती कुणी.
फार गरम झालं की आम्ही खिडकी उघडतो,
सगळी इमारत उघडते, सगळं गाव,
बाहेर बर्फ पडत असतो आणि आम्ही बनियनवर
सूप पीत बसतो.
इतकी वर्षं आभाळ तापवत होतो,
बापाच्या खिशातल्या शिंपल्या जाळून.

काल रात्री मी खिडकी लावून घेतली.
घामानं झोप आली नाही.
तीन वाजता उठून पाणी प्यायले,
काचेला कपाळ टेकलं.

समोर कापितोलिनाची उघडीच होती,
पडदा बाहेर उडत होता,
आणि खाली, नळीवर,
अकराच्या जागी बारा.